एल्मा पेल्टोलाचा डावा पाय

एल्मा पेल्टोला गाडी चालवायची ती चुकीच्या बाजूला बसून. स्टिअरिंग डावीकडे आणि बाई उजवीकडे. लांबलचक सलग सीटच्या उजव्या टोकाला ती बसायची, डावा हात पसरून स्टिअरिंग धरायची आणि डावा पाय तिरका लांबवून पेडल दाबायची. चालकाच्या जागी टपालाचे ट्रे रचलेले असत. समोरून गाडी येताना बघून नवखा माणूस दचकायचा, कारण त्याला वाटायचं, कागदांचा ढीगच गाडी हाकतोय.

सुपीरियर सरोवराच्या काठाला, अमेरिकेतल्या मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, गावाबाहेर टपाल वाटणारे सगळे असेच बसायचे. पत्रपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला. गाडी थांबवायची, खिडकीतून हात बाहेर काढायचा, पेटीत टपाल सारायचं आणि पुढच्या पेटीकडे निघायचं. गाडी ज्याची त्याने आणायची आणि ज्याची त्याने सांभाळायची. वीसएक वर्षं एल्माने हेच केलं होतं, आणि या कामाचा तिला अभिमान होता. तो ती लपवायचीही नाही.

सांभाळण्याच्या बाबतीत तर ती देवभोळ्या माणसासारखी होती. दर शनिवारी सौनाची, फिनिश लोकांच्या वाफेच्या न्हाणीघराची, चूल पेटवली की दगड तापेपर्यंत अंगणात जाऊन ती गाडीचं बॉनेट उघडायची. इंजिनाचं तेल बघायची, पाणी बघायची, ब्रेकचं तेल बघायची, चाकांतली हवा बघायची. शेजारपाजारचे हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं! त्यांना दिवसाकाठी चार वेळा ब्रेक लावायचा असतो, एल्माला प्रत्येक पेटीशी. लोकांचे ब्रेक वर्षानुवर्षं टिकायचे, हिचे एका हिवाळ्यात झिजून जायचे.

आणि हिवाळा म्हणजे मीठ. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर गाड्या भरभरून मीठ टाकतात. ते चाकांनी उडून गाडीच्या पोटाला चिकटतं आणि लोखंड खात बसतं. वरून गाडी कशी लख्ख दिसते. खाली वाकून कोण बघतो? म्हणून पानं गळायला लागली की शहाणी माणसं ओन्नी सारिनेनच्या गॅरेजात जायची. तो गाडी वर उचलून खालून सगळीकडे तेलाचा फवारा मारायचा आणि त्याच खेपेला ब्रेकच्या नळ्यांतली हवाही काढायचा. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली आडवं पडून नळीचा स्क्रू सैल करायचा. दाबायला ओन्नीकडे माणूस नव्हता, त्यामुळे गाडी ज्याची तोच दाबायचा.

"दाब!" ओन्नी खालून ओरडायचा.

"दाबलाय."

"धर तसाच. सोडू नकोस हं! सोडून पुन्हा दाबलास तर सगळं माझ्या तोंडावर येईल."

"येऊ दे. तेवढीच आंघोळ होईल तुझी," एल्मा वरून म्हणायची.

एल्माच्या पायाची ओन्नी सगळ्यांना उदाहरणं द्यायचा. "पाय असावा तर एल्मासारखा," म्हणायचा, "खांब आहे खांब!"

त्याच पायाने त्या वर्षी दगा दिला, असं एल्माला वाटलं.

तिचं हे वाटणं उगाच नव्हतं. तिची आई हिल्या अशीच गेली होती. आधी डावं पाऊल जमिनीला घासायला लागलं. मग पायऱ्यांवर ठेच लागायला लागली. हिल्या हसून म्हणायची, "चपलाच मेल्या ढिल्या झाल्यात." मग गुडघा ऐकेना, मग उजवा पाय, मग हात. शेवटी शेवटी चमचा तोंडापर्यंत नेणंही एल्माच्याच हाती आलं. एल्माने लग्न केलं नाही, आईचं केलं. तक्रार केली नाही. पण अंथरुणात पडून आई छताकडे ज्या नजरेने बघायची, ती नजर एल्माच्या मनातून कधी गेली नाही. आईला निदान एल्मा होती. एल्माला कोण होतं?

पहिल्यांदा ते घडलं आर्विड लाम्पीच्या उतारावर. ऑक्टोबर सरत आला होता. रस्ता ओला होता, बर्फ अजून नव्हता. एल्माने नेहमीसारखा पाय दाबला, आणि पाय आणखी खाली गेला. फार नाही, दोन बोटं असेल. पण रोज शेकडो वेळा ज्या जागी पाय थांबतो, त्या जागी तो थांबला नाही. अंधारात जिन्याला आणखी एक पायरी निघावी, तसं झालं. गाडी थांबली.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, ब्रेक खाली जातोय, बघायला हवा. एल्माही दुसऱ्या कुणाला हेच म्हणाली असती, वर चार शब्दही सुनावले असते. पण भीती ज्या दारात आधीपासून उभी असते, त्याच दारातून आत येते. एल्माच्या मनात गाडी आलीच नाही. तिला दिसलं आईचं जमिनीला घासणारं पाऊल.

त्या दिवशी घरी येऊन ती सिंकला धरून डाव्या पायावर उभी राहिली. पाय थरथरला. मग उजव्यावर उभी राहिली. तोही थरथरला असता, पण इतका वेळ ती उभी राहिलीच नाही. तिला जे बघायचं होतं ते दिसलं होतं. विणायची सुई घेऊन तिने पोटरीला टोचून पाहिलं. टोचल्याचं कळलं, पण नीट कळलं का? रात्री पायाला मुंग्या आल्या. इतकी वर्षं तिरकं बसून त्या पायाला रोजच मुंग्या येत होत्या, फक्त आजवर तिचं लक्ष गेलं नव्हतं. आता दुसरीकडे लक्ष जाईना.

डॉक्टरकडे ती गेली नाही. एकदा डॉक्टरने लिहून दिलं की पाय गेला, की काम गेलं. काम गेलं की सकाळी उठून कुठे जायचं? पन्नाशी उलटलेल्या, एकट्या, पायाने अधू बाईला त्या भागात दुसरं कोण काम देतं? या मार्गावरच्या माणसांना ती नातेवाइकांसारखी ओळखत होती. कुणाचा मुलगा फौजेत आहे, कुणाला पेन्शनची वाट आहे, कुणाची सून पत्र पाठवत नाही, हे सगळं तिला ठाऊक. तेच तिचं घरदार होतं. तिने ठरवलं, कुणाला कळता कामा नये. ओन्नीला तर नाहीच नाही.

ओन्नीची भीती तिला सगळ्यात जास्त वाटायला लागली. तो खालून "दाब!" म्हणणार. ती दाबणार, पाय खाली घसरणार, आणि तो वर येऊन तिच्याकडे बघणार. हिल्याला त्यानेही पाहिलं होतं. हिल्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. त्याला सांगावं लागलंच नसतं.

त्यामुळे त्या शरद ऋतूत एल्माची गाडी गॅरेजात गेली नाही.

"काय गं," चर्चबाहेर ओन्नीने तिला गाठलं, "या वर्षी गाडीला आंघोळ नाही घालायची? बर्फ पडेल आता."

"येईन रे पुढच्या आठवड्यात."

"मागच्या आठवड्यात पण हेच म्हणालीस. दुसरा मेकॅनिक केलास की काय? सांग बाई, मी रडणार नाही. थोडंसंच रडेन."

"कामं आहेत रे मला," ती इतकी फटकन बोलली की ओन्नीचं हसू जागच्या जागी विरलं.

शनिवारचं बॉनेटही बंद झालं. गाडीकडे बघितलं की तिला पाय आठवायचा, म्हणून ती गाडीकडे बघेनाशी झाली. सौनाची चूल पेटवायची, आत शिरून कडी लावायची आणि वाफेत बसून दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून न्याहाळायची. डावा बारीक झालाय का? झाल्यासारखा वाटायचा. पुढच्या शनिवारी आणखी वाटायचा. बाहेर अंगणात गाडीच्या पोटाखाली बर्फावर पिवळट थेंब पडत होते, आणि वर पडणारा नवा बर्फ ते झाकून टाकत होता.

पाय खाली खाली जात राहिला. तिने एक युक्ती शोधली. एकदा दाबून सोडायचा आणि लगेच पुन्हा दाबायचा. दुसऱ्यांदा तो जागेवर धरायचा. ज्याच्या ब्रेकचं तेल गळतंय, त्या प्रत्येक गाडीत हेच होतं, आणि हे तिला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. पण भ्यालेल्या माणसाला माहिती असून काय उपयोग! तिला वाटलं, पाय झोपतोय, पहिल्या दाबण्याने जागा होतोय. ती पायाशी बोलायला लागली. "ऊठ रे बाबा. शहाणा ना तू? अजून थोडं." समोरच्या पट्टीवर ब्रेकचा लाल दिवा लागला असेल तर तो टपालाच्या ट्रेमागे लागला. उजवीकडे बसणाऱ्याला तो दिसायचा तो मान वळवून, ट्रे सारून. तिने सारला नाही.

डिसेंबर, जानेवारी गेले. रोज परत आल्यावर ती अंगणात गाडी बंद करून काही वेळ नुसती बसून राहायची. आजचा दिवस निभावला. उद्याचं उद्या.

आर्विड लाम्पीला पत्रपेटी आवडायची नाही. तांब्याच्या खाणीत आयुष्य काढलेला म्हातारा. बायको गेलेली, ऐकायला कमी येणारा. टपाल हातात घ्यायचा. गाडीची वेळ झाली की टोपी कानांवर ओढून उताराच्या पायथ्याशी पेटीशेजारी उभा. एका हातात काठी, दुसऱ्यात कागदात गुंडाळलेला वेलदोड्याच्या गोड पावाचा तुकडा. तो एल्माला द्यायचा आणि टपाल घ्यायचा.

"आज काय आणलंस, पोरी?"

"विजेचं बिल."

"ते परत घेऊन जा. पाव पण परत दे मग."

रोजचंच बोलणं, पण एक दिवस चुकलं तर दोघांनाही चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ऊन पडलं होतं. त्या उन्हात रस्ता काचेसारखा चमकत होता, मिठाने काळा आणि ओला. एल्मा उताराच्या माथ्यावर आली तेव्हा खाली आर्विड दिसला. त्याने काठी वर केली. तिने पाय दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

पाय थेट तळाला टेकला.

पुन्हा दाबला. पुन्हा तळ. खाली काहीच नव्हतं. गाडी वेग घेत होती. आणि एल्माने त्या क्षणी रस्त्याकडे बघितलं नाही. तिने पायाकडे बघितलं. स्टिअरिंग सोडून डाव्या हाताची मूठ वळून तिने आपल्याच मांडीवर मारली. "ऊठ! ऊठ मेल्या! आज नको, आज नको!" गिअर हाताशी होता, तो खाली पाडून गाडी आवरता आली असती, इतक्या वर्षांत हजारदा तिने बर्फावर तसं केलं होतं. पण तिला वाटत होतं आपलं शरीर गेलं. शरीर गेलेलं माणूस गाडी कशी आवरणार?

तिने मान वर केली तेव्हा आर्विड चार हातांवर होता. हलला नव्हता. का हलेल? रोज गाडी येऊन त्याच्यापाशी थांबते, आजही थांबणार. पाव धरलेला हात त्याने पुढे केला होता. मग त्याचे डोळे मोठे झाले. तो उजवीकडे पेटीमागे झेपावतोय असं तिला वाटलं आणि तिने स्टिअरिंग डावीकडे हिसडलं. गाडी आडवी फिरली. मागचा भाग पेटीवर आदळला, खांब कडकन मोडला, आणि पलीकडच्या बाजूला बर्फाच्या भिंतीत नाक खुपसून गाडी थांबली. ट्रे उलटून टपाल सगळीकडे सांडलं.

एल्मा दार उघडून धावली. त्या पायाने धावली, हे तिच्या तेव्हा लक्षातही आलं नाही. म्हातारा बर्फात उताणा पडला होता, टोपी लांब उडालेली, एक मनगट विचित्र वळलेलं.

"आर्विड! आर्विड, बोला ना माझ्याशी!"

तो आकाशाकडे बघत होता. मग त्याने नजर तिच्याकडे वळवली.

"मी समोर उभा होतो," तो हळू म्हणाला. "तू खाली काय बघत होतीस?"

तिने टोपी आणून त्याच्या डोक्याखाली ठेवली.

आर्विडला दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं, बाकी मुका मार. गाडी ओन्नीने आपल्या ओढगाडीने ओढून गॅरेजात आणली. एल्मा कोपऱ्यातल्या स्टुलावर अंग आक्रसून बसली होती. सांगायचंच आहे तर आता सांगून टाकू, असं तिने मनाशी धरलं होतं.

"ओन्नी, गाडीखाली जाऊ नकोस. काही सापडणार नाही. माझा पाय गेलाय. आईसारखा."

ओन्नीने गाडी वर उचलली होती. तो दिवा घेऊन खाली गेला. मग म्हणाला, "इकडे ये."

"अरे, ऐकलंस का मी काय म्हणाले?"

"इकडे ये म्हणतो ना!"

गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची नळी मिठाने खाऊन फुगली होती, सालपटं सुटली होती. ओन्नीने बोटाने दाबली तर तिचा भुगा हातात आला. पुढे जाणारी नळी तिच्याच शेजारून गेली होती. तीही ओली, तीही फुटलेली.

"ही कधीपासून गळत असेल," तो म्हणाला. "दुसरी आज गेली. पेडलखाली तेलच नव्हतं. तिथे घोड्याचा पाय असता तरी तळाला गेला असता."

एल्माला ते पटेना. ती मान हलवत राहिली. मग ओन्नीने तिला दंडाला धरून आपल्या ओढगाडीत चढवलं, या खेपेला डावीकडे, चालकाच्या जागी.

"दाब."

"नको रे."

"दाब म्हणतो!"

तिने डोळे मिटले आणि डावा पाय दाबला. पेडल थोडं गेलं आणि थांबलं. दगडासारखं. तिने आणखी जोर केला. पेडल हललं नाही, तीच सीटवरून वर उचलली गेली. पाय कुठेही घसरला नाही, झोपला नाही. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं, आणि मग ती हसायला लागली. स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसली, हसता हसता हुंदके द्यायला लागली. माझा पाय आहे! आहे माझा पाय! इतका आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता, आणि तो लपवण्याचं भानही तिला राहिलं नाही.

ओन्नी हसत नव्हता. तो दाराशी उभा होता, आणि त्याचा आवाज चढला.

"पानं गळत होती तेव्हापासून बोलावतोय मी तुला. वर्षानुवर्षं येतेस, येऊन काय करायचं असतं आपल्याला? तू वर, मी खाली. तू एकदा, फक्त एकदा दाबला असतास, तर मला तिथल्या तिथे कळलं असतं."

"मला वाटलं, तुला पाय कळेल."

"मला नळी कळली असती गं, एल्मा!"

मग तिला आर्विडचा पुढे केलेला हात आठवला, आणि झालेल्या आनंदाची तिला शिसारी आली.

टपाल खात्याचा माणूस चौकशीला आला तेव्हा आर्विडने त्याला सांगितलं की रस्त्यावर बर्फाची काच होती, कुणाचीही गाडी घसरली असती. एल्माला हे दुसऱ्याकडून कळलं. नळ्या नव्या बसल्या, ओन्नीने खालून फवारा मारला, हवा काढताना एल्माने पेडल दाबलं. दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलले. थोड्याच दिवसांत ती पुन्हा कामावर आली. तिचा मार्ग राहिला तो एका म्हाताऱ्याच्या खोटं बोलण्याने.

आर्विडच्या उतारावर नवी पेटी उभी राहिली होती. तिच्याशेजारी कुणी नव्हतं. म्हातारा वर ओसरीवर, कठड्याच्या मागे उभा होता, हात प्लास्टरमध्ये. एल्माने गाडी थांबवली, वाट पाहिली. तो खाली आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्यानंतरही नाही. तिने टपाल पेटीत टाकलं की तो हात करायचा, पण तो गाडी वळणाआड जायला लागल्यावर.

शेवटी एके दिवशी तिने गाडी उतार संपल्यावर, सपाटीला, पार पुढे नेऊन उभी केली. गिअर लावला, इंजिन बंद केलं, चाकांखाली लाकडाचे ओंडके सरकवले. मग टपाल हातात घेऊन ती चालत मागे आली आणि ओसरीच्या पायऱ्या चढली.

"पाय माझा नव्हता गेला, आर्विड," ती म्हणाली. "नळी होती. मी बघितली नाही. मला बघायची हिंमत झाली नाही."

"ओन्नीने सांगितलं," तो म्हणाला. त्याने टपाल घेतलं, पण तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या खांद्यावरून पलीकडे, खाली रस्त्याकडे बघत होता.

"बंद केलीस?"

"केली."

"किल्ली?"

तिने खिशातून किल्ली काढून दाखवली.

"चाकांखाली?"

"ओंडके लावलेत. पुढे आणि मागे."

त्याने मान हलवली. चेहरा रागाचा नव्हता. राग असता तर एल्माने आनंदाने सोसला असता. ती त्याच्या तोंडावरची भीती ओळखत होती; तीच भीती घेऊन सगळा हिवाळा तिने काढला होता.

"चांगली मुलगी आहेस तू," म्हातारा म्हणाला. "उद्यापासून अशीच वर आणून देशील ना? मग मी आत गेलो, की सुरू कर गाडी. दार लागल्याचा आवाज ऐक आधी."

"ऐकेन," एल्मा म्हणाली. तो आत जाऊन दार लागेपर्यंत ती ओसरीवर उभी राहिली, आणि मग पायऱ्या उतरली.